गार भाडं, गरम भाडं

पुण्यात कर्वेनगरला राहत होते तेव्हा भाडं अठरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार आणि वर एका महिन्याचं भाडं एजंटला. पन्नासच का, हे विचारायचं कधी सुचलंही नाही. घर सोडताना रंगाचे पैसे कापून जे परत मिळेल ते आपलं.

२०१९ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला आले. तिथल्या फॉयरबाख भागात दीड खोली मिळाली. करारात दोन भाडी होती. काल्टमीट ६४० युरो, म्हणजे नुसत्या जागेचं 'गार' भाडं. हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून वार्ममीट, 'गरम' भाडं, ८२०. आणि अनामत २४६०, चावी घ्यायच्या आधी एकरकमी. पहिला पगार व्हायला अजून महिना होता.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने करार बघितला आणि म्हणाला, "यांनी गरम भाड्याची तिप्पट लावलीय." इथल्या नागरी संहितेच्या ५५१व्या कलमानुसार अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या गार भाड्याइतकी. म्हणजे माझी १९२०. तीही भाडेकरूला तीन समान हप्त्यांत भरता येते: पहिला भाडेकरार सुरू होताना, उरलेले दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर. करारात याउलट काही लिहून भाडेकरूचं नुकसान होत असेल, तर ते कलमच बाद.

५४० युरो वाचले याचा आनंद होताच, पण मला तारलं ते हप्त्यांनी. ६४० माझ्याकडे होते. २४६० नव्हते.

तरी मेल पाठवायला दोन दिवस लागले. घर बघायला आलेल्यांची रांग जिन्यापर्यंत होती. कायदा दाखवणारी भाडेकरीण कुणाला हवी असते? मालकाचं एका ओळीत उत्तर आलं: बरोबर आहे, करार बदलतो. चूक होती की चाचपणी, देव जाणे.

एजंटचे पैसे द्यावे लागले नाहीत. १ जून २०१५ पासून इथे ज्याने एजंट नेमला त्यानेच पैसे द्यायचे, आणि एजंट मालकाचा होता. घरात ओटा मात्र नव्हता! जुना भाडेकरू स्वतःची कपाटं आणि शेगडी ९०० युरोंना विकत होता. अशा व्यवहारात किंमत वस्तूच्या मानाने अवाच्या सवा असेल तर त्यालाही कायद्याची आडकाठी आहे, पण तोवर माझा जीव थकला होता. मला पोळ्या करायच्या होत्या. दिले.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "आपल्याकडे का नाही गं असं?" केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण राज्याने तो स्वीकारला तरच. कर्वेनगरच्या मालकांना त्याने काय फरक पडणार!

२०२२ मध्ये घर सोडलं. अनामत मालकाने स्वतःच्या पैशांपासून वेगळी, बँकेत ठेवायची असते आणि व्याज भाडेकरूचं. पाच महिन्यांनी १९२० युरो परत आले. व्याज दीड युरोही नव्हतं, पण त्या खात्याच्या पासबुकाची झेरॉक्स सोबत जोडली होती.