दोन बॅटऱ्या खाल्लेली सीबीआर

'बॅटरी नवी टाकली तरी गाडी बंद पडते' असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कधी बंद पडते, निघताना की परतताना? बहुतेकांना सांगता येत नाही. 'कधीही पडते हो' हे ठरलेलं उत्तर. नेरुळच्या या ताई मात्र म्हणाल्या, "थांबा, वही बघून सांगते."

मी सोसायट्यांमध्ये जाऊन गाड्या दुरुस्त करतो. नवी मुंबईत ऐरोलीपासून खारघरपर्यंत माझं गिऱ्हाईक आहे. त्याआधी बरीच वर्षं एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये होतो. वही ठेवणारं गिऱ्हाईक तिथे औषधालाही सापडलं नाही.

गाडी होती होंडाची सीबीआर 250 आर, 2011 ची, लाल. त्याच वर्षी ती भारतात आली. 249 सीसीचा एकच सिलिंडर, पण डबल ओव्हरहेड कॅम, रेडिएटर, फ्युएल इंजेक्शन आणि वर पूर्ण फेअरिंग, म्हणजे इंजिन झाकणारं प्लास्टिकचं आवरण. हँडल फार खाली नाही, सीट अंगावर येत नाही, त्यामुळे दिवसभर चालवली तरी मनगटं शाबूत राहतात. लांब जाणाऱ्यांनी ती याचसाठी घेतली आणि याचसाठी अजून विकलेली नाही. 2020 मध्ये बीएस-6 चे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा कंपनीने ती बंद केली, म्हणजे बदली घ्यायची तरी कुठून? ताईंच्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली होती. वाशी आरटीओत आरसी नूतनीकरणाला नेण्याआधी गाडी ठणठणीत हवी होती, म्हणून मला बोलावलं.

वहीत पेट्रोल, किलोमीटर, चेनला तेल, ब्रेक ऑइल, सगळं होतं. आणि लाल पेनाने 'बंद'. मी फक्त लाल ओळी वाचल्या. शिळफाटा. कल्याण फाटा. परत शिळफाटा. एकदा महापे सिग्नल. माळशेजहून परत, भंडारदऱ्याहून परत, नाशिकहून परत. नेरुळ ते महापे रोजच्या ऑफिसच्या फेरीत एकही लाल ओळ नाही. बंद पडायच्या आधी दर वेळी एबीएसचा दिवा लागायचा आणि मीटरचे आकडे थरथरायचे. अर्धा तास बाजूला लावली की कशीबशी सेल्फ घ्यायची.

आधीच्या वर्कशॉपने दोनदा बॅटरी बदलली होती. दुसऱ्या वेळी सांगितलं, तुम्ही जास्तीचे फॉगलाइट लावलेत, त्यांनी बॅटरी खाल्ली. ताईंनी फॉगलाइट काढून कपाटात ठेवले. गाडी पुढच्याच सहलीत शिळफाट्याला बंद. ओळखीतल्या एकाने इ-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला दोष दिला. हल्ली गाडीला शिंक आली तरी इ-20 चं नाव निघतं. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्यांची आणि पंपाची काळजी करावी हे खरं, पण पेट्रोलने बॅटरी उतरत नाही.

मुद्दा असा की बॅटरी खरोखरच उतरलेली असायची. त्यामुळे बदलणाऱ्याला ती दोषी वाटणं साहजिक होतं. पण ती उतरतेय कशाने, हे कुणी विचारलं नाही. या गाडीला किक नाही. पेट्रोलचा पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर, इग्निशन विजेवर. हायवेला आरपीएम वर असतात आणि पंखा बंद असतो, तेव्हा चार्जिंग कमी झालं तरी गाडी बॅटरीची पुंजी खात ओढत राहते. शिळफाट्याच्या जॅममध्ये आरपीएम खाली येतात, रेडिएटरचा पंखा लागतो, ब्रेक लाइट सतत पेटलेला, आणि तिथे पुंजी संपते. जागा शिळफाटा असली तरी आजार माळशेजच्या वाटेवर मुरबाडच्या अलीकडेच कुठेतरी सुरू झालेला असणार.

मी गेलो तेव्हा रविवारची सकाळ होती. स्टिल्ट पार्किंगमध्ये ताईंनी गाडी मागच्या स्टँडवर उभी करून फेअरिंग उतरवून ठेवलं होतं. हे काम मला अजिबात आवडत नाही. सीबीआरच्या फेअरिंगला वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट आणि प्लास्टिकच्या क्लिपा असतात. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला की कान तुटलाच म्हणून समजा. ताईंनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने गाडीच्या दोन्ही बाजू काढल्या होत्या आणि जिथला बोल्ट तिथे भोक पाडून खोचला होता. क्लिपासुद्धा. मी मुकाट्याने फोटो काढून घेतला.

थंड गाडीवर मीटर लावला. बॅटरी 12.7 व्होल्ट. गाडी चालू केली, पाच हजार आरपीएमला 14.2. उत्तम. व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचं सॉकेट काढलं, इंजिनात वीज बनवणाऱ्या कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी दोन-दोन करून एसीवर तपासल्या : तिन्ही जोड्या साठ व्होल्टच्या वर आणि जवळपास सारख्या. गाडी बंद करून एकेक पिवळी वायर आणि चॅसी बघितली, कुठेही बॉडी लागत नाही, म्हणजे वायर चॅसीला टेकलेली नाही. सॉकेट स्वच्छ, पिनांवर खाडीच्या हवेचा हिरवा गंज नाही. कुठल्याही वर्कशॉपमध्ये या क्षणी जॉब कार्डवर 'चार्जिंग ओके' लिहिलं गेलं असतं. मी स्वतः तिथे असताना लिहिलंही असतं, कारण पुढची गाडी रॅम्पवर यायची असते आणि सुपरवायझर घड्याळ बघत असतो.

पाच हजार आरपीएमच्या आवाजाने सेक्रेटरी खाली आले. "इथे गॅरेज उघडलंय का? पार्किंगमध्ये रिपेअरिंग चालणार नाही, नोटीस लावली आहे."

"काका, खाली पुठ्ठा अंथरलाय, थेंब सांडणार नाही. आणि आवाज झाला तेवढाच," ताई म्हणाल्या.

"आज आवाज, उद्या आग लागली तर?"

मी फायर एक्स्टिंग्विशर दाखवला. माझ्या डब्यात नेहमी असतो. त्यांनी त्यावरची तारीख वाचली, चालू होती, आणि मग बारापर्यंतची मुदत देऊन ते गेले. सेक्रेटरींवर मी चिडत नाही. पार्किंगच्या फरशीवर काळं ऑइल सांडून जाणारे माझेच व्यवसायबंधू आहेत.

मग मी ताईंना म्हटलं, फेअरिंग तसंच राहू द्या, गाडी तापवून आणू. घरच्या कामाचा हा फायदा आहे, गाडी आजारी पडेपर्यंत थांबता येतं. मल्टिमीटरच्या लांब वायरी बॅटरीला लावून मीटर टाकीवर टेपने चिकटवला. ताई गाडीवर, मी माझ्या स्कूटरवर मागे. उरण फाट्यावरून सायन-पनवेल हायवे, कळंबोली, पुढे पळस्पे फाटा आणि परत. एप्रिलचं ऊन. जाताना 14.1, 14.2. पळस्प्याहून वळल्यावर कामोठ्याच्या सिग्नलला मी शेजारी जाऊन वाकून पाहिलं : 13.1. सीबीडीपाशी 12.6. ताईंनी हेल्मेटच्या काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने मीटर दाखवला. तोंडावर चक्क आनंद होता. गाडी बिघडल्याचा इतका आनंद झालेलं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही.

पार्किंगमध्ये येताच इंजिन गरम असतानाच सॉकेट काढलं. हातमोजा घालूनही बोटं भाजत होती. आता तीन जोड्यांपैकी एकच साठवर होती, दोन जोड्या निम्म्यावर. आणि सकाळी जिथे मीटर गप्प होता तिथे पिवळी वायर चॅसीला लागत होती, मीटर सरळ ओहम दाखवत होता. कॉइलच्या तांब्यावरचं इनॅमल एके ठिकाणी जळालेलं. थंड असताना तांबं लोखंडापासून केसभर दूर राहतं, गरम झालं की टेकतं. आम्ही तिथेच बसून चहा घेतला आणि गाडी निवू दिली. तासाभराने तीच वायर, तोच मीटर : बॉडी नाही, साफ.

फॉगलाइटचं काय, असं ताईंनी विचारलं. तेही सांगितलं. बाइकची मॅग्नेट कॉइल गाडीला वीज किती लागते हे बघून वीज करत नाही. मॅग्नेट फिरतं तितकी वीज होतेच. या जातीच्या गाड्यांत बहुधा शंट रेग्युलेटर असतो, तो जास्तीची वीज चॅसीकडे वळवून जाळतो. म्हणून लाइट काढून कॉइलला आराम मिळत नाही. उलट न वापरलेल्या विजेचा ताप रेग्युलेटरवर जातो. फॉगलाइट काढा हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण या आजारावर त्याचा उपयोग शून्य होता.

कव्हर उघडायचं तर आधी ऑइल काढावं लागतं. जेमतेम दीड लिटर, तेही बदलायला आलं होतं. डाव्या बाजूचं कव्हर बोल्ट काढले तरी हातात येत नाही, कारण आत कॉइल कव्हरला बसवलेली आणि तिच्याभोवती क्रँकवरचं मॅग्नेट. ते सोडत नाही. दोन्ही हातांनी सरळ ओढावं लागतं, वाकडं ओढलं की आतल्या कडा घासतात, आणि बोट मधे राहिलं तर मग डॉक्टरच. निघालं तेव्हा गरम ऑइलचा आणि जळक्या वार्निशचा वास एकदम आला. कॉइलचे बहुतेक पोल, म्हणजे तार गुंडाळलेले दात, तपकिरी होते. खालच्या बाजूचे चार-पाच कोळशासारखे काळे, आणि त्यातल्या एकावर वार्निशची खपली सुटून आतलं तांबं नुसतं चमकत होतं. नखाने खरवडली तर खपली ऑइलसकट बोटाला चिकटली. ताईंनी त्या पोलचा फोटो काढून वहीत चिकटवायचं ठरवलं.

नवी कॉइल मागवायची तर वाट बघायची आणि पैसेही जास्त. मी ती भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून, घ्यायचं सुचवलं. रबाळे एमआयडीसीत मोटार वाइंडिंग करणारे कारागीर आहेत, पण सगळ्यांना हे काम जमत नाही. पंप-मोटारीची तार इंजिनच्या गरम ऑइलात टिकत नाही. इथे 200 डिग्रीच्या क्लासची तार लागते, वेढे जुन्याइतकेच, आणि वर वार्निश ओतून भट्टीत भाजावं लागतं. माझ्या कारागिराने आधी जुन्या पोलचे वेढे उकलून मोजले, मगच हो म्हणाला. जो न मोजता 'होऊन जाईल' म्हणतो त्याच्याकडे मी कॉइल देत नाही. त्याला मी पल्सर कॉइलला हात लावू नको असं बजावलं. ती त्याच कव्हरमध्ये असते आणि तिच्याविना इंजिनला स्पार्क कधी द्यायचा तेच कळत नाही.

कॉइल आल्यावर बसवणं हे तसं थोडक्यातलं काम. जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडायला मात्र वेळ गेला. ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथून ऑइल झिरपायला लागतं. बोल्ट मी हाताच्या अंदाजाने घट्ट करणार तेवढ्यात ताईंनी टॉर्क रेंच पुढे केला आणि मॅन्युअलचं पान. वर्षानुवर्षं हातानेच करत आलोय असं सांगावंसं वाटलं, पण गाडी त्यांची, रेंच त्यांचा. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत कव्हर बसवलं. रेग्युलेटर तपासून तोच ठेवला. बॅटरीही तीच, पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवली तरी व्होल्टेज धरून राहिली. बिचारीचा दोष काहीच नव्हता.

टायर पाहताना मागच्या टायरवरची चार आकडी तारीख वाचली : 3217. म्हणजे 2017 सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून कुणी बदलला नव्हता, पण रबर नखाला दगडासारखं लागत होतं. पावसाळ्यात माळशेज घाटात या टायरवर जाऊ नका, हे मी चार्जिंगच्या कामापेक्षा जास्त जोर देऊन सांगितलं. बॅटरी उतरली तर माणूस रस्त्याच्या कडेला थांबतो. टायर निसटला तर थांबायचं कुठे, ते त्याच्या हातात राहत नाही.

चाचणी ताईंनीच केली, त्यांच्या पद्धतीने. हँडलवर छोटा व्होल्टमीटर बसवून घेतला, फॉगलाइट परत लावले आणि शनिवारी माळशेजला जाऊन आल्या. परतताना मला शिळफाट्यावरून फोटो : समोर कंटेनरची रांग, पंखा चालू, फॉगलाइट चालू, मीटरवर 13.9. खाली लिहिलं होतं, "दादा, पाऊण तास अडकलेय."

बिल देताना त्यांनी कॉइलचं काम, ऑइल आणि माझी मजुरी वेगवेगळ्या ओळींत लिहून घेतली. आता व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हजवळची फट, बघायचा आहे. फट मोजायचं फीलर गेज त्यांनी मागवून ठेवलंय आणि काम स्वतः करणार आहेत, मी फक्त बाजूला बसायचं. ती फट जुळवणाऱ्या चकत्या, म्हणजे शिम, कुठल्या मापाच्या लागतील ते मोजल्यावर कळेल. सेक्रेटरींनाही आगाऊ सांगून झालंय. त्यांनी परवानगी दिली, आणि त्यांच्या स्कूटरची बॅटरी सारखी का उतरते ते बघायला सांगितलंय.