रस्ता केस आणि पीएचडीचा अर्ज

शनिवार

दुसरा शनिवार, कोर्ट बंद, म्हणून पीएचडीच्या अर्जाला हात घातला. एलएलएमला ५५ टक्के लागतात, ते आहेत. पुढे अडले. अर्धवेळ करायची तर नियोक्त्याचं ना-हरकत प्रमाणपत्र जोडा म्हणे. वकिलाला कुठला आलाय नियोक्ता? सनद चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करायला बार कौन्सिलच मनाई करते. पक्षकाराची ना-हरकत आणायला गेले तर तो आधी मागच्या तारखेला दिलेल्या फीचा हिशोब काढेल. विद्यापीठात फोन केला, उत्तर आलं, "सोमवारी करा." तोवर स्वतःचंच प्रतिज्ञापत्र टाइप करून ठेवलंय.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीसाठीचे २०२२ चे नियम जेवताना मोठ्याने वाचत होते. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, वर २ वर्षांची मुदतवाढ, आणि महिलांना त्यावर आणखी २. सासूबाईंनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे दहा. तुझा तो भावकीचा वाटपाचा दावा तेवढ्यात संपंल का गं?"

रविवार

ज्यांच्या हाताखाली पीएचडी करायची, त्या सरांकडे संशोधनाचा आराखडा घेऊन गेले. त्यांच्याकडे एकच जागा रिकामी आहे. प्राध्यापकाला एका वेळी ८ विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला ६, सहायकाला ४. त्यामुळे चांगला गाईड आणि रिकामी जागा असा योग जुळून येणं कठीणच.

माझं शीर्षक होतं, 'महाराष्ट्रातील शेतरस्त्यांच्या हक्काचा कायदा : एक चिकित्सक अभ्यास'. सरांनी शेवटच्या तीन शब्दांवर पेन्सिल फिरवली. "शोधगंगा उघडून बघा, देशभरातले प्रबंध तिथे ऑनलाइन आहेत. याच शेपटाचे प्रबंध ढिगाने सापडतील. कलमं लिहायची, निवाडे लिहायचे, शेवटी कायद्यात सुधारणा सुचवायची."

मग म्हणाले, "तुम्हाला यातलं काय माहीत नाही ते सांगा."

मी जे माहीत आहे तेच सांगत सुटले. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. तहसीलदार निर्णय देतो, तो मान्य नसेल तर वर्षाच्या आत दिवाणी दावा. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा, कलम ५, अडवल्यापासून सहा महिन्यांत दाखल करायचं. त्यावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी. आमच्या तालुक्यात ऊस तुटायला आला की या केसेस उगवतात. वर्षभर कुणाला रस्ता आठवत नाही, पण ट्रॅक्टर-ट्रॉली आत न्यायची वेळ आली की बांधावर काट्या पडतात, नाहीतर रातोरात चर खणली जाते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "हे युक्तिवादात ठीक आहे. प्रश्न कुठाय?"

वीस वर्षांच्या वकिलीत मला कुणी असं विचारलेलं नाही. आमचा धंदाच उलटा. निष्कर्ष पक्षकार घेऊन येतो, आम्ही त्याला पायऱ्या बांधतो. उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही, हे सीनियरने पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. इथे नेमका तोच प्रश्न मागत होते.

परतीच्या एसटीत एक पंचनामा आठवत राहिला. मंडल अधिकारी टेपचं एक टोक कोतवालाच्या हातात देऊन बांध मोजत होते, मागे फक्कीची पांढरी रेघ पडत होती, आणि समोरच्या पार्टीची म्हातारी रेघेच्या बरोबर मध्ये मांडी घालून बसलेली. "माझ्या अंगावरनं न्या गाडी." तिला उठवायला तासभर गेला. रस्ता खुला करून दिल्याचा पंचनामा झाला, पंचांच्या सह्या झाल्या, माझी फाईल कपाटात गेली. त्या रेघेवरून पुढच्या हंगामात गाडी गेली का? मला माहीत नाही. अशा कितीतरी फायली आहेत आणि एकीबद्दलही मला ते सांगता येणार नाही. आदेशाची नक्कल हातात पडली की आमच्या लेखी मामला मिटला.

घरी येऊन नवं शीर्षक लिहिलं. एक तालुका, पाच वर्षांतले रस्ता खुला करण्याचे आदेश, आणि त्यानंतर प्रत्यक्ष बांधावर काय झालं. महाराष्ट्र गेला, चिकित्सा गेली. सरांना व्हॉट्सॲपवर पाठवलं तर उत्तर आलं, "आता बोलू. गृहीतक काय?" माझा अंदाज असा की भावकीतला रस्ता पुन्हा अडवला जातो आणि शेजाऱ्याचा टिकतो. कदाचित अगदी उलटंही निघेल. तसं निघालं तर मला जास्त आवडेल, हेही खरं.

मंगळवार

नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, की पेट, म्हणजे विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा, यावर बाररूममध्ये चर्चा. २०२४ पासून नेटच्या गुणांवरही पीएचडीला प्रवेश मिळतो, पण त्या गुणांची मुदत वर्षभराचीच. मी पेटच देणार. निम्मा पेपर संशोधनपद्धतीचा असतो, त्यामुळे नमुना निवड वगैरे पोराच्या वयाच्या मुलांबरोबर घोकतेय. एका ज्युनियरने विचारलं, "मॅडम, या वयात डॉक्टरेट लावून फी वाढते का?" वाढत नाही. मुलाखत ३० टक्क्यांची आहे, तिथेही कुणी हेच विचारेल.

दुपारी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये डोकावले. कारकून म्हणाला, रस्ता केसेसचे गठ्ठे वर्षवार लावलेले नाहीत, गाववार आहेत, आणि निकाल लागलेल्या फायली कुणी बघायलाच येत नाही. लेखी परवानगी आणा म्हणाला. अर्ज लिहिलाय, उद्या कोर्टाआधी आवक-जावकला देते.