फुटलेल्या दोन प्लेटा आणि पुण्यातला गुरुवार

बुधवारी सकाळी साडेसहाच्या एसटीला कराडहून बसलो तेव्हा मांडीवर बुटाचा खोका होता आणि खोक्यात टॉवेलात गुंडाळलेल्या दोन फुटक्या प्लेटा. कंडक्टरने विचारलं काय आहे यात, म्हटलं काच आहे, फुटलेली. "फुटलेली काच घेऊन पुण्याला?" एवढंच म्हणाला, पण स्वारगेट येईपर्यंत दोनतीनदा माझ्याकडे बघून गेला.

आमचं काचेचं आणि फोटोफ्रेमचं दुकान, वडलांपासूनचं. हिरा हातात धरायला मी सातवीत शिकलो, त्यामुळे काच कापणं हा काही माझ्यासाठी विषय नाही. पण दोन वर्षांपूर्वी हौसेने छोटी भट्टी घेतली, तुकडे एकमेकांवर ठेवून वितळवून जोडायचे (यालाच फ्यूज करणं म्हणतात), मग साच्यावर ठेवून वाकवायचे, त्याच्या प्लेटा, कोस्टर, नावाच्या पाट्या करायच्या, आणि तेव्हा कळलं की काच कापता येणं म्हणजे काच कळणं नव्हे. भोसरीत एक ताई आहेत, वीस वर्षं हेच काम करतात, मामाच्या ओळखीतल्या. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, फोटो नको पाठवू, तुकडे घेऊन ये.

स्वारगेटवरून मेट्रोने नाशिक फाटा, तिथून रिक्षा. ताईंचं शेड एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत, एका बाजूला प्रेसचा धडधडाट, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंगवाला. चहा यायच्या आधीच त्यांनी खोका उघडला आणि पहिल्या प्लेटच्या तड्यावरून अंगठा फिरवला. मी म्हटलं ताई हात कापेल. "नाही कापणार, बघ," म्हणाल्या आणि माझा अंगठा धरून कडेवरून फिरवला. खरंच, कड गुळगुळीत, गोल झालेली.

म्हणजे ही प्लेट तापताना फुटली. फुटल्यावर भट्टी आणखी तापत गेली आणि तड्याची कड वितळून गोल झाली. गार होताना फुटली असती तर कड ब्लेडसारखी राहिली असती. हे इतकं साधं आहे आणि मी दोन वर्षं प्रत्येक फुटलेल्या तुकड्याला "थंड करताना गडबड झाली" म्हणून ॲनीलिंग, म्हणजे ताण निघावा म्हणून काच हळूहळू थंड करणं, वाढवत बसलो होतो, लाईट बिल वाढलं, प्लेटा फुटायच्या त्या फुटतच होत्या. सुरुवातीला मी तासाला ३०० डिग्रीने चढवत होतो, ८ एमएम जाडीला. ताई १२० ने चढवतात, ५४० च्या वर गेलं की मग काय घाई करायची ती कर म्हणतात, कारण तोवर काच मऊ पडायला लागते आणि झटक्याने तडकत नाही.

दुसरी प्लेट जास्त इंटरेस्टिंग होती. खिडकीच्या साध्या फ्लोट काचेवर मी ऑनलाइन मागवलेल्या ९० नंबरच्या रंगीत काचेचं पान फ्यूज केलेलं, आणि तडा बरोबर त्या पानाच्या कडेकडेने गेलेला, जसं कोणी पेन्सिलने आउटलाइन काढावी. हे तर ताईंनी हातात न घेताच सांगितलं. ९० हा आकडा म्हणजे डिग्रीमागे काच किती पसरते त्याचं माप, आणि फ्लोटचा आकडा फ्यूजिंगवाले ८२ ते ८७ च्या दरम्यान धरतात. मी म्हटलं पाचाचा तर फरक. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. ३० सेंटीमीटरची प्लेट, ५०० डिग्री उतरायचं, फरक येतो ०.०७५ मिलिमीटर. "केसाएवढा. पण काच केसाएवढंही ऐकून घेत नाही." आणि आकडा जुळला म्हणजे जमलं असंही नाही, मऊ पडायचा स्वभावही जुळावा लागतो, म्हणून नवीन काच आली की एक तुकडा साध्या काचेवर फ्यूज करून दोन पोलराइज्ड फिल्मांच्या मधे धरायचा, कडेला उजेडाची झालर दिसली की ताण आहे, ती काच बाजूला. ताई फ्लोटसाठी फ्लोटच वापरतात, तीही एकाच शीटमधली, आणि रंगासाठी काचेवर चालणारे इनॅमल (भट्टीत भाजून पक्का होणारा रंग) नाहीतर मधे पातळ तांबं, अभ्रक असलं काही.

टिनची बाजू मला माहीतच नव्हती, आता सांगायला लाज वाटते, काचवाल्याचा मुलगा मी. फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवतात, त्यामुळे एका बाजूला कथलाचा अगदी पातळ थर राहतो. शॉर्टवेव्ह यूव्ही दिवा मारला की ती बाजू दुधाळ चमकते. साच्यात वाकवताना ती बाजू जिथे आकसते तिथे धुरकट सुरकुत्या येतात. माझ्या वाटीवरचा तो "डाग" मी महिनाभर निरनिराळ्या पावडरींनी घासत होतो.

मग मी म्हटलं चला ताई, आज रात्री भट्टी लावू. नाही म्हणाल्या. उद्या गुरुवार. पुणेकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, इकडे एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी आणि दुरुस्तीसाठी लाईट जाते तीही गुरुवारीच. बुधवारी रात्री लावलेली भट्टी गुरुवारी सकाळी नेमकी थंड होत असते आणि मधेच वीज गेली की सगळं संपलं. त्यामुळे बुधवारी भरायचं नाही हा शेडचा नियम. माझी मात्र एक दिवसाची रजा फुकट गेली असं वाटलं तेव्हा.

फुकट गेली नाही. गुरुवारी सकाळी मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरलो आणि तांबट आळीत गेलो. पेशवाईपासूनची आळी, अजून मठारकाम, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवणं, चालू आहे, आणि लाईट असो नसो ठोके पडतातच. तिथे एका काकांकडून तांब्याच्या पातळ पत्र्याची कात्रणं घेतली, पैसे घेईनात, शेवटी चहा पाजला. ताईंनी बजावलं होतं की कागदासारखं पातळ घे, जाड घेतलंस तर तांबंच काच फोडेल. तिथून पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारी तार) आणि एसएसआर (भट्टीची वीज चालू-बंद करणारा रिले), बोहरी आळीत मऊ ब्रश. ब्रश कशाला तर भट्टीच्या शेल्फला किल्न वॉश, म्हणजे काच चिकटू नये म्हणूनचा लेप, लावायला, हायड्रेटेड ॲल्युमिना आणि चायना क्ले पाण्यात कालवून चारपाच हात, प्रत्येक हात वेगळ्या दिशेने. फुल फ्यूज झालं, म्हणजे काच पूर्ण वितळून एकजीव झाली, की खरवडून परत लावायचं, नाहीतर पुढच्या वेळी काचेला चिकटतं. खरवडताना मास्क, हे ताई तीनदा बोलल्या.

संध्याकाळी परत शेडवर, लाईट आली होती, आणि विषय निघाला पैशाचा. मी चार कोस्टरचा सेट ४०० ला विकतो असं जरा मिरवूनच सांगितलं. ताईंनी कागद घेतला. काच ६०, तांबं-रंग ४०, एका फायरिंगला मीटरवर १३ युनिट, त्यात तीन सेट बसतात म्हणजे सेटमागे ४५ धर, खोका-बबल रॅप ५०, तुझा एक तास २००. झाले ३९५. आणि सहातला एक फुटतो ना? त्याचा खर्च, खोका सोडून, उरलेल्या पाचांवर, सेटमागे ६९. "म्हणजे प्रत्येक सेटबरोबर साठाच्या वर रुपये गिऱ्हाईकाच्या खिशात घालतोस. १९०८ साली लोकांकडून एकेक पैसा गोळा करून तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, आणि तू उलटे वाटत सुटलायस." आता यावर काय बोलणार. त्यांचा तसाच सेट ९०० ला जातो, कारण दुकानदार विक्रीवर ३५ टक्के ठेवून घेतो आणि हातात येतात ५८५. स्वतःच्या स्टॉलवरही त्या ९०० लाच विकतात, स्टॉलवर स्वस्त दिलं की दुकानदार पुढच्या वेळी माल ठेवत नाही.

त्यांचं खरं पोट मात्र नावाच्या पाट्यांवर चालतं, आणि पुण्यात पाटी म्हणजे गंमत नाही. एकदा सदाशिव पेठेतल्या आजोबांनी तयार पाटी परत पाठवली, "कुलकर्णी" मधला कु दीर्घ पडला म्हणून. इनॅमल एकदा भाजलं की पुसता येत नाही, तेव्हा पाटीच गेली. तेव्हापासून निम्मे पैसे आधी आणि मजकूर व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईकाने स्वतः टाईप करून पाठवायचा, फोनवर सांगितलेलं चालत नाही. जेवणाच्या प्लेटा विकायच्या तर रंग शिसं नसलेलाच, आणि तसं पुरवठादाराकडून लेखी घ्यायचं.

शुक्रवारी दुपारी भट्टी भरली. तांब्याचं पिंपळपान कात्रीने मी कापलं, दोन ४ एमएम काचांच्या मधे ठेवलं. ६५० ला पाऊण तास थांबा, मधली हवा निघू दे, मग ८२५ पर्यंत पटकन, तिथे बारा मिनिटं, ५५० ला उतरून दीड तास मुक्काम, मग ४०० पर्यंत तासाला ६०. हे त्यांच्या भट्टीचे आकडे, माझ्या भट्टीत थर्मोकपल छताजवळ आहे त्यामुळे मला दहापंधरा डिग्री इकडेतिकडे करावी लागणार. जाडी दुप्पट केली तर तो मुक्काम आणि उतार दुप्पट नाही, चौपट लांबवायचा, हे मी भट्टीच्या दारावर खडूने लिहिणार आहे.

शनिवारी सकाळी भट्टीच्या कंट्रोलरवर ११२ डिग्री. माझी गाडी दहाची. मी झाकणाकडे बघतोय, ताई माझ्याकडे. "पन्नासच्या आत आल्याशिवाय नाही." थोडंसं फटीतून बघू? नाही. निघालो तसाच.

खंबाटकी घाटात नेटवर्क गेलं, सुरूरच्या पुढे आलं तेव्हा फोटो आला होता. पान गर्द मरून झालंय, कडेला कुठेकुठे निळसर, आणि देठापाशी वाटाण्याएवढा एक बुडबुडा. खाली ताईंचा मेसेज, "देठ चुरगळलेला होता तुझा, सपाट करून ठेवायचा."