फुललेला गुलमोहर तोडावा लागला, माझा अनुभव

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, जुनी, ३ मजली, पुढे गेटपाशी छोटीशी बाग आणि त्यात दोन मोठी झाडं, एक जांभूळ आणि एक गुलमोहर. गुलमोहर माझ्या सासऱ्यांनी १९८७ साली लावलेला, त्यामुळे तो तोडायचा विषय कधी निघेल असं मनातही आलं नव्हतं. भीती सगळ्यांना जांभळाची. ते पहिल्यापासून वाकडं, कंपाउंडवर झुकलेलं, बुंध्यात हात जाईल एवढी ढोली, आणि १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा मुंबईत कशी झाडं पडली ते सगळ्यांनी बघितलेलं, मग काय, दर वर्षी एप्रिल आला की मीटिंगमध्ये "ते जांभूळ काढून टाका" हे ठरलेलं.

या वर्षी मी म्हटलं, तोडायच्या आधी एकदा जाणकार माणसाला दाखवू तरी. वरचे काका म्हणाले, "वहिनी, पैसे कशाला घालवताय, वाकडं आहे ते दिसतंय की." तरी बोलावलं. गृहस्थ आले ते फक्त एक लाकडी हातोडा आणि एक लोखंडी सळी घेऊन. जांभळाभोवती अर्धा तास फिरले, खोडावर चहूबाजूंनी ठोकून आवाज ऐकला, ढोलीत सळी घालून बघितली आणि म्हणाले, याला हात लावू नका. हे झाड लहानपणी वाकलं आणि मग वर सरळ वाढत गेलं, बुंध्यात बाक आहे आणि शेंडा आकाशाकडे, म्हणजे त्याने स्वतःचा तोल कधीच सांभाळलाय. आणि ढोलीचं म्हणाल तर खोडाच्या मधलं लाकूड तसंही मेलेलंच असतं, भार पेलतं ते बाहेरचं कडं. ते कडं खोडाच्या त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं तरी घट्ट असलं, मोठी चीर नसली, तर नुसत्या ढोलीला घाबरायचं कारण नाही.

मी इतकी खूश झाले, त्यांना चहा दिला, ते गुलमोहराच्या कट्ट्यावर बसले आणि कप हातात तसाच धरून खाली बघत राहिले. मग विचारलं, "ताई, इथे खोदकाम कधी झालं?"

३ वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा पाण्याची नवीन लाईन टाकली होती, बिल्डिंगच्या बाजूने, खोडापासून जेमतेम दोन फुटांवर. कामवाल्यांनी मध्ये आलेली मुळं तोडली आणि वर सिमेंट थेट बुंध्यापर्यंत आणून सोडलं. आम्ही सगळे तिथे उभे होतो, कोणाच्याच लक्षात आलं नाही की हे काय चाललंय. झाडाची बहुतेक मुळं वरच्या तीन-चार फूट मातीतच आडवी पसरलेली असतात, गुलमोहराची तर अजूनच उथळ, आणि खोडाजवळची जाड मुळं म्हणजे त्याचा नांगर. झाड गेटकडे कललेलं होतं आणि त्याला मागून धरून ठेवणारी मुळं नेमकी त्याच चरात कापली गेली होती. मागच्या बाजूचे ब्लॉक थोडे उचलले गेले होते, त्यात बारीक फट होती, आणि बुंध्याच्या पायाशी बशीसारखी कडक तपकिरी अळंबी, पांढऱ्या कडेची. मी ती रोज बघत होते, मला वाटायचं पावसाळ्यात उगवते तसलं काहीतरी. ते म्हणाले ही गॅनोडर्मा, लाकूड कुजवणारी बुरशी, बाहेर दिसते तोवर आतलं लाकूड बरंच कुजून गेलेलं असतं.

मी वाद घातला. अहो पण पाला बघा ना, बहर बघा, मे महिना चालू आहे, अख्खं झाड लाल झालंय! त्यांनी शांतपणे सांगितलं की पाणी वर नेणारं लाकूड सालीलगत असतं, आणि ज्या बाजूची मुळं शाबूत आहेत ती पाण्यापुरती पुरतात, त्यामुळे पाला हिरवा राहतो, पण उभं राहायची ताकद वेगळी, ती गेलेली असू शकते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा.

मग मी मोजलं. फटीच्या दोन्ही बाजूंना खडूने खुणा केल्या, रोज पट्टी लावली, आणि गच्चीवरून ओळंबा सोडून रोज एकाच जागेवरून मोबाईलवर फोटो. पहिले आठ दिवस काही नाही, ४ मिलीमीटर म्हणजे ४ मिलीमीटर. मग एका संध्याकाळी वळवाचा वारा आला, सकाळी पट्टी लावली तर ११. फोटोत खोड ओळंब्यापासून स्पष्ट लांब गेलेलं. जुना कल वेगळा आणि नवीन कल वेगळा हे मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगते, मी तिथेच रडले.

छाटून वाचेल का हेही विचारलं. फांद्या कमी केल्या तर वारा कमी भरतो, पण गेलेली मुळं परत येत नाहीत, आणि सरसकट शेंडे मारले तर कुजतात आणि नवीन फूट कमकुवत येते. शिवाय खाली काय आहे ते बघा म्हणाले. खाली गेट, सकाळी ७ ला स्कूलबससाठी उभी राहणारी मुलं. रिकाम्या जागेत असता तर कदाचित उभा ठेवता आला असता.

पण झाड आपल्या कंपाउंडमध्ये आहे म्हणून आपणच माणूस बोलावून कापलं असं करता येत नाही, १९७५ चा झाडांचा कायदा खाजगी जागेलाही लागू आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, कमिटीचा ठराव, खडूच्या खुणांचे आणि ओळंब्याचे तारखेसकट फोटो, सगळं वॉर्डच्या उद्यान खात्यात दिलं. ते पाहणीला आले, बुंधा बघितला, परवानगी मिळाली, बदली झाडं लावायच्या अटीवर, आणि तोडायचा खर्च सोसायटीचा.

तोडायच्या आधी फांद्यांत घरटं आहे का ते बघून घेतलं, नव्हतं. दोराने फांदी फांदी बांधून खाली उतरवली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम चाललं. सासूबाई खिडकीत बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. बुंधा उपटला तेव्हा चराच्या बाजूची मुळं हातात घेतली तर भिजलेल्या पावासारखी चुरत होती, त्यातलं एक मूळ मी वर नेऊन त्यांना दाखवलं. त्यांनी ते बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस गं."

तिथे आता बकुळ लावलीय, सिमेंट फोडून चार फूट माती मोकळी ठेवून. जांभळाभोवतीचे ब्लॉकही काढले. त्याच्या बुंध्याशी एक खुंटी ठोकलीय, दर रविवारी टेप लावते. अजून जागचं हललेलं नाही.