टोचनावरच्या गाडीची बॅटरी

माझा भाचा अमेरिकेत, ॲरिझोनात नोकरीला आहे. त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माजलगावात सकाळचे साडेआठ झाले होते, तिकडे आदल्या रात्रीचे आठ. कारखान्याचा हंगाम सुरू होता. माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानासमोर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट उभा होता आणि मी मागच्या ट्रॉलीच्या लाइटची वायर ओढत होतो.

"मामा, कार मेली. किल्ली फिरवली तर सेल्फ टकसुद्धा करंना."

त्याच्या मित्राकडे मोटरहोम आहे. बसएवढी गाडी, आत बिछाना, स्वयंपाकघर, बाथरूम. तिच्यामागे कार चारही चाकांवर ओढत नेतात, मुक्कामी पोहोचल्यावर फिरायला. आपल्याकडे टोचन लागतं ते बंद पडलेल्या गाडीला. तिकडे धडधाकट गाडी टोचनावर जाते. फिनिक्सहून ग्रँड कॅनियनपर्यंत साडेतीनशे किलोमीटर ओढत आणलेली कार सोडवली, तर बॅटरी पार उतरलेली. मित्राने ठरवूनच टाकलं होतं, बॅटरी खराब आहे, उद्या नवीन घेऊ.

हे वाक्य मी दुकानात रोज ऐकतो आणि रोज त्याच्याशी भांडतो. मीटर न लावता बॅटरी बदलायची नाही. चांगली बॅटरी भंगारात जाते आणि ज्या दोषाने ती उतरली तो गाडीत तसाच राहतो. महिन्याभरात नवीही उतरते. मोटरहोमला मी कधी हात लावलेला नाही, पण बॅटरी तिथेही बारा व्होल्टचीच.

"आधी किल्ली कुठं होती ते सांग."

"ॲक्सेसरीवर. नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं, मामा."

"आणि पेडलजवळ ती पेटी कसली?"

ती ब्रेकची पेटी होती. मोटरहोमने ब्रेक मारला की ती पेटी कारचं पेडल दाबते, म्हणजे मागचं वजन पुढच्या गाडीवर येत नाही. तिची वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये. पेडल दाबलं की कारचे ब्रेक लाइटही पेटतात. घाटात तर सारखेच. हे सगळं कारच्या बॅटरीवर, आणि इंजिन बंद, म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटरही बंद.

आधी जंपर केबल लावायला सांगितली. शेवटचा काळा चिमटा बॅटरीवर नाही, लांब इंजिनच्या उघड्या लोखंडावर, कारण बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि तिथे ठिणगी नको. कार सुरू झाली. अर्धा तास चालू ठेवून बंद केली आणि निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर घालायला लावलं. सेल्फला अजिबात हात लावायचा नाही, हे बजावून. किल्ली ॲक्सेसरीवर, पेटी नुसती चालू: पाच अँपिअरच्या वर. वाटेत ते जेवायला थांबले, धरणावर फिरले, किल्ली तशीच. पाच अँपिअर गुणिले आठ तास, चाळीस अँपिअर-अवर झाले, ब्रेकचे वेगळेच. त्या आकाराच्या बॅटरीत साठ असतात. शिवाय ग्रँड कॅनियनची कड समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर, थंडीत बॅटरीचा जोर आणखी कमी होतो. बॅटरी निर्दोष होती.

मग फोन टॉर्च लावून दोन्ही गाड्यांमधल्या केबलवर नेला. मोटरहोमच्या बाजूला सात पिना, कारच्या बाजूला सहा. सातांपैकी एक पिन चार्जिंगची. मोटरहोमचं इंजिन सुरू केल्यावर तिच्यावर चौदा व्होल्ट आले. कारच्या सॉकेटचं झाकण काढलं तर मधल्या पिनेला मागून वायरच नव्हती. बसवणाऱ्याने फक्त लाइट जोडून दिले होते. मला खरोखर राग आला. लाइट पेटले म्हणजे वायरिंग झालं, असं समजणारे कारागीर तिकडेही आहेत.

वायर किती जाड, हे त्याने विचारलं तेव्हा मी कॅमेरा ट्रॉलीकडे फिरवला. बारीक वायर ओढली की पुढच्या ट्रॉलीचा लाइट लख्ख आणि मागच्याचा मिणमिणता, आणि रात्री रस्त्यावर मागचाच तर दिसायला हवा. मोटरहोममध्येही तेच. पुढच्या अल्टरनेटरपासून कारच्या बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन तीस मीटर धरा. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत पाच अँपिअरला एक व्होल्टच्या वर घट होते, सहाच्या वायरीत अर्ध्याहून कमी. चौदातला एक व्होल्ट गेला आणि डायोडने, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या तुकड्याने, आणखी अर्धा-पाऊण खाल्ला, की बॅटरी भरत नाही, जेमतेम तग धरते.

डायोड किंवा आयसोलेटर, म्हणजे दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा स्विच, मात्र सोडून चालत नाही. तो नसेल तर मुक्कामी कार मोटरहोमची बॅटरी उतरवते, आणि मोटरहोम सेल्फ मारताना त्या बारक्या वायरीतून कारच्या बॅटरीचा करंट ओढते. वायर तापते. म्हणून फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. मी कागदावर आकृती काढून फोटो पाठवला. इतक्या लांब वायरीला कारमध्येच छोटा डीसी-टू-डीसी चार्जर बसवा, असंही लिहिलं. तो कमी व्होल्टेज आलं तरी वाढवून बॅटरीला देतो.

परतीच्या प्रवासाआधी हे बसवायला वायर, चार्जर काही हाताशी नव्हतं. तेव्हा एवढंच सांगितलं, की थांबा घेतला की किल्ली बंद करायची आणि पेटीचा प्लग काढायचा. निघताना कार पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायची. फिनिक्सला उतरल्यावर भाच्याने मीटरचा फोटो टाकला: 12.4 व्होल्ट, म्हणजे बॅटरी उतरली नव्हती. चार्जर त्यांनी पुढच्या सुट्टीत बसवला.

मुकादम तोवर शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. म्हणाला, "मिस्त्री, मागच्या ट्रॉलीलाबी तीच जाड वायर टाका मग." टाकली.