आत्याची चंची

आत्याबरोबर वारीत चालायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं की अभंग ऐकत जाऊ, पण पुण्यातून निघाल्यापासून हडपसरपर्यंत मी फक्त तिचा उन्हाळा ऐकला. रंगपंचमीला बावधनच्या जत्रेतलं बगाड, मग चैत्रात शिखर शिंगणापूर, मुंगी घाटात तेल्या भुत्याची कावड वर चढवताना ती म्हणे दोन तास उन्हात उभी, मग गावची जत्रा, देवाच्या पालखीचा छबिना रात्री दोनला हलला, मग कोरेगावच्या नणंदेकडे आठ दिवस, मग दोन लग्नं. एका लग्नात मठ्ठा संपला हे तीनदा सांगितलं. वय ६९. मी म्हणलं, आत्या जरा टाळ ऐकू दे की गं! तर म्हणाली, टाळ काय पंढरपूरपर्यंत हायेतच.

एकादशी होती. सकाळपासून राजगिऱ्याचा लाडू आणि केळी, वाटणारे इतके की नको म्हणायचा कंटाळा येतो. पुणे ते सासवड हा टप्पा तिसाच्या वर किलोमीटरचा आणि दिवेघाट शेवटाला. मी नवीन बूट घातले होते, सगळ्यांनी नको म्हणलं तरी. घाटाच्या पायथ्याला डाव्या टाचेला जे सुरू झालं ते निम्म्या घाटात असं झालं की प्रत्येक पावलाला डोळ्यात पाणी. वर पालखीच्या रथाला जादा बैल जोडलेले, खाली बघावं तर घाटभर पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताका, लोक फोटो काढतायत, आणि मी कठड्यावर बसून चक्क रडतेय.

परभणीकडचे एक बाबा थांबले. काही विचारलं नाही, बूट काढला, मोजा सोलावा तसा सोलला. टाचेला लिंबाएवढा फोड. मी नखाने फोडायला गेले तर हातावर चापट मारली. "माउली, कातडं काढू नका, लई जळजळ व्हते." टोपीत सुई टोचलेली होती, दोरा ओवलेलाच. काडी ओढून टोक तापवलं, माझी टाच मांडीवर घेतली, सुई फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं तोडली. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब त्यांच्या धोतरावर गळत होतं. मी म्हणतेय अहो धोतर, धोतर, आणि ते वाट बघत बसलेत. तेवढ्या वेळात आत्याने त्यांना बगाडाचं शीड, ते लांब लाकूड, केवढं असतं ते हात पसरून दाखवलं. ते पण ऐकत होते! फोड बसला तसं थोडं खोबरेल लावलं, वर चिंधी बांधली, उठले आणि माझ्याच पाया पडले. मला काय करावं कळेना, मी बसूनच उलट वाकले तर ते निघून गेलेले. नाव विचारायचं राहिलं.

पुढचे दिवस एकात एक. सासवड, जेजुरीला भंडारा, वाल्हे. नीरेच्या स्नानाला गर्दीत माझी चप्पल गेली. रात्री समाजआरतीत चोपदारांनी सापडलेल्या वस्तू वाचल्या, त्यात नव्हती. पाऊस आला की तंबूत सगळ्यांच्या ओल्या कपड्यांचा वास, आणि पहाटे तीनला कोणीतरी भूपाळी सुरू करतं तेव्हा खरं सांगते, मनात शिव्या येतात, आणि दुसऱ्या कडव्याला आपण पण गुणगुणत असतो.

लोणंदला माझी रजा संपली. एसटीला वेळ होता तर आत्याने चंची, तिची पानाची पिशवी, सोडली. पान नव्हतंच त्यात, नाणी. एकेक बाहेर काढून पायाशी मांडत गेली. हे कोरेगावचं, हे धाकटीचं, हे नवऱ्या मुलीच्या आजीचं, तिचे गुडघे गेलेत. उन्हाळाभर ज्याच्या दारात गेली त्याच्याकडून एकेक रुपया घेतलेला, पांडुरंगाच्या पायावर घालायला. आणि मी समजत होते म्हातारी जेवणावळी करत फिरतेय.

"आणि आमच्या घरचं?"

"तुझा बाप म्हणला, मी सोता येतो. वीस वर्सं तेच म्हनतोय."

पाचचं एक नाणं वेगळं ठेवलं होतं.

"हे त्याचं. मीच घातलंय. उसनं हाय म्हनून सांग त्याला."


एसटी लागली तर मी पर्समधून पाच रुपये काढून पुढे केले. घेतले नाहीत. "तू न्हाई. त्याने द्यायचे."