इंडक्शनसाठी भांडी निवडताना

इंडक्शन शेगडी घरी आली, तेव्हा माझी निम्मी भांडी तिला ओळखेनाशी झाली. ॲल्युमिनियमचे पातेले ठेवले की ती नुसती लुकलुकत राही. काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्या क्षेत्राने भांड्याच्या बुडातच प्रवाह उत्पन्न होऊन बूड तापते. म्हणून ते बूड लोहचुंबकाला चिकटणाऱ्या धातूचे असावे लागते.

खरेदीला जाताना मी एक छोटा लोहचुंबक खिशात ठेवते. दुकानदार थोडे विचित्र नजरेने पाहतो, पण चुंबक बुडाला घट्ट बसला की प्रश्न मिटतो. केवळ 'स्टेनलेस स्टील' या शब्दांवर मात्र विसंबू नये, कारण 18/10 प्रकारच्या, म्हणजे सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 10 टक्के निकेल असलेल्या पोलादाला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. त्यामुळे इंडक्शनसाठी बनवलेल्या अशा भांड्यांच्या बुडाला चुंबकीय पोलादाचा वेगळा थर जोडलेला असतो.

बूड सपाट असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. मी भांडे उलटे करून त्यावर पट्टी उभी धरते आणि खालून उजेड दिसला, तर ते परत ठेवते. पातळ तवा रिकामाच जास्त आचेवर ठेवल्यास वाकतो, हे मी एक तवा गमावून शिकले. बिडाचा तवा उत्तम तापतो, मात्र तो काचेवरून सरकवू नये, उचलूनच ठेवावा.